कागदावरचे साम्राज्य : ‘अगिरे, द रॅथ ऑफ गॉड’ या चित्रपटाची चिकित्सा

प्रस्तावना

वेर्नर हेर्त्सोग या जर्मन दिग्दर्शकाचा ‘अगिरे, द रॅथ ऑफ गॉड’ (१९७२) हा चित्रपट सत्तालालसेने पछाडलेल्या माणसाची शोकांतिका म्हणून ओळखला जातो. लोपे दे अगिरेच्या भूमिकेतील क्लाउस किन्स्कीची तिरकी चाल आणि भेदक नजर इतकी प्रभावी आहे की समीक्षेचा भर साहजिकच नायकाच्या उन्मादावर राहतो. मात्र या उन्मादाला कायद्याचे रूप देणारी एक यंत्रणाही चित्रपटात आहे. ती म्हणजे लेखन. जाहीरनामा, न्यायनिवाडा आणि रोजनिशी यांच्या आधारे विजय कसा रचला जातो आणि कसा विरतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इतिहास आणि कल्पित

इन्का साम्राज्याच्या पाडावानंतर सुवर्णभूमी ‘एल दोरादो’च्या शोधात निघालेली स्पॅनिश तुकडी १५६० च्या अखेरीस अँडीज पर्वत उतरून ॲमेझॉनच्या खोऱ्यात शिरते. या मोहिमेची एकच खूण उरली आहे, ती म्हणजे धर्मगुरू गास्पार दे कार्वाहाल याची रोजनिशी, असे चित्रपट आरंभीच सांगतो. हे विधान इतिहासाला धरून नाही. कार्वाहालने वृत्तांत लिहिला तो १५४१-४२ मधील ओरेयानाच्या जलप्रवासाचा. पडद्यावर मोहिमेचे नेतृत्व करणारा गोन्सालो पिसारो १५४८ मध्येच मृत्युदंडाला सामोरा गेला होता. खरा अगिरे ज्या मोहिमेत होता तिचा प्रमुख पेद्रो दे उर्सुआ होता. त्याच्या हत्येनंतर आणि पुढे गुस्मानच्याही हत्येनंतर अगिरे अटलांटिकपर्यंत पोहोचला, त्याने मार्गारिता बेट घेतले, राजा दुसरा फिलिप याला बंडाचे पत्र लिहिले आणि ऑक्टोबर १५६१ मध्ये तो मारला गेला.

दोन मोहिमांची ही सरमिसळ अज्ञानातून झाली असे मानणे कठीण आहे. ज्या दस्तऐवजाचा हवाला देऊन कथा सांगितली जाते तो दस्तऐवजच कल्पित असल्यामुळे, जेत्याच्या नोंदीवर विश्वास ठेवावा काय, हा प्रश्न पहिल्या चौकटीपासूनच उभा राहतो.

शब्दाने जिंकलेली भूमी

सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये भूमीवरील हक्क शब्दांनी सिद्ध होत असे. १४९४ च्या तोर्देसिल्लास कराराने अज्ञात जग दोन राज्यांत वाटले गेले. १५१३ पासून ‘रेकेरिमिएन्तो’ नावाचे शरणागतीचे फर्मान, ज्यांना ती भाषा कळत नव्हती अशा लोकांपुढे वाचले जाई आणि मग युद्ध न्याय्य ठरे. हेर्त्सोगचा तराफा हेच तर्कशास्त्र पुढे नेतो. अगिरे बंड करतो, परंतु बंडालाही त्याला कायदेशीर मुलामा हवा असतो. फिलिपला पदच्युत करणारा जाहीरनामा वाचला जातो. सुस्त, खादाड फर्नान्दो दे गुस्मानला सम्राट केले जाते आणि उर्सुआवर रीतसर खटला भरला जातो. न्यायासनावर कार्वाहाल बसतो. चर्च नेहमी बलवंतांच्या बाजूने राहिले आहे, असे त्याने आधीच सांगून टाकलेले असते.

या साऱ्या थाटामाटातील विसंगती प्रतिमांतून उघड होते. काठावरची भूमी आपली असल्याचे घोषित होते, पण त्या भूमीवर पाय ठेवताच बाण येतात. साम्राज्य म्हणजे काय, तर पाण्यावर तरंगणारी काही ओंडक्यांची फळी. थॉमस माऊख यांचा हातातील कॅमेरा या फळीवरच वावरतो आणि त्याच्या भिंगावर पाण्याचे थेंब उडतात. त्यामुळे प्रेक्षकालाही कोठे स्थिर जमीन मिळत नाही. पोपोल वू या संगीतसमूहाचे लांबणारे स्वर या अधांतरीपणात भर घालतात.

मुके पुस्तक

होडीतून आलेल्या आदिवासी पुरुषाच्या हाती बायबल दिले जाते. हा देवाचा शब्द आहे, असे सांगितल्यावर तो ते कानाला लावतो. पुस्तक बोलत नाही म्हणून तो ते टाकतो आणि धर्मनिंदेच्या आरोपाखाली ठार होतो. १५३२ मध्ये काहामार्का येथे इन्का सम्राट अताहुआल्पाच्या बाबतीत घडलेल्या प्रसंगाचा हा उघड प्रतिध्वनी आहे. लिखित शब्दाची सत्ता न ओळखणे हाच येथे देहान्ताचा गुन्हा ठरतो.

चित्रपटाची मर्यादाही येथेच नोंदवावयास हवी. मूळ रहिवासी बहुतांशी अदृश्य राहतात. ते बाण होऊन येतात किंवा साखळदंडातील हमाल म्हणून मरतात. त्यामुळे अरण्य आणि माणूस यांतील भेद पुसट होतो व वसाहतवादाची टीका करणारी कलाकृती त्याचीच दृष्टी काही अंशी उसनी घेते. अपवाद एकच. स्पॅनिशांनी बाल्तासार म्हणून हाक मारलेला बंदिवान आपले खरे नाव रुनो रिमाक असल्याचे व आपण कधीकाळी राजपुत्र होतो असे सांगतो. त्याची ही कैफियत मोजकी आहे, तरीही संपूर्ण चित्रपटात कागदाचा आधार न घेता सत्य सांगणारा हाच एक आवाज आहे.

शाईचा अंत

शेवटी तापाने ग्रासलेला एक सैनिक औषध समजून कार्वाहालची शाई पिऊन टाकतो. आता मला लिहिता येणार नाही, असे रोजनिशीच सांगते. शाई संपल्यावर ही नोंद कशाने लिहिली? दस्तऐवजाचा खोटेपणा येथे स्वतःच्या तोंडून कबूल होतो. त्यानंतर उरतो तो केवळ अगिरेचा स्वर. मुलगी बाणाने मरण पावलेली, सोबती संपलेले, तराफ्यावर माकडांचा सुळसुळाट. तरीही तो नव्या राजवंशाची घोषणा करतो. कॅमेरा त्याच्याभोवती घिरट्या घालतो. इतिहासातील अगिरेला समुद्र गवसला आणि राजाला पत्र लिहिता आले. हेर्त्सोग आपल्या नायकाला हे दोन्ही नाकारतो.

निष्कर्ष

पदवी वर्गात हा चित्रपट स्पॅनिश आक्रमणाचे चित्रण म्हणून दाखविल्यास विद्यार्थ्यांच्या पदरी चुकीच्या सनावळ्या पडतील. मात्र नोंद कोणी केली, कोणासाठी केली आणि शाई कोणाच्या हाती होती, हे प्रश्न विचारावयास तो शिकवितो. साधनचिकित्सेचा इतका सघन पाठ इतिहासाच्या अध्यापकास अन्यत्र क्वचितच सापडेल.