बालशिक्षिकेची शिष्यवृत्ती : एका योजनेचे परीक्षण

१

शिष्यवृत्ती ही विद्यार्थ्यासाठी असते, आणि विद्यार्थी म्हणजे ज्याच्यावर अद्याप संसाराचा भार पडलेला नाही असा तरुण, हा समज सर्वत्र रूढ आहे. शिष्यवृत्त्यांचे नियम याच समजावर बेतलेले असतात. शुल्क माफ केले, पुस्तकांची सोय लावली, की दात्याचे कर्तव्य संपले असे मानले जाते. बालवाडीत किंवा पाळणाघरात शिकवणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत मात्र हा समज मुळातच अपुरा ठरतो. ती आधी नोकरदार आहे, बहुधा आई आहे, आणि त्यानंतर विद्यार्थिनी आहे. दिवसाचे आठ-नऊ तास ती दुसऱ्यांची मुले सांभाळते. तिला शुल्काइतकीच, किंबहुना शुल्काहूनही अधिक, वेळेची टंचाई असते. आणि पदवी मिळवल्यावर तिच्या वेतनात फरक पडेल याची कोणतीही हमी तिला नसते.

म्हणून बालशिक्षिकेच्या शिष्यवृत्तीचा विचार करताना तीन प्रश्न एकत्र विचारावे लागतात. तिच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा? त्या शिक्षणासाठी लागणारा वेळ कोठून यावा? आणि शिकलेल्या शिक्षिकेला अधिक वेतन कोणी द्यावे? यांतील पहिलाच प्रश्न विचारणाऱ्या योजना पुष्कळ आहेत. तिन्ही प्रश्न एका करारात आणण्याचा प्रयत्न करणारी एक योजना अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९९० साली सुरू झाली. ‘टीच अर्ली चाइल्डहुड’ या नावाने ती ओळखली जाते. ‘टीच’ हा शब्द आद्याक्षरांनी बनलेला असून शिक्षिकांच्या शिक्षणाला आणि मोबदल्याला साहाय्य, असा त्याचा आशय आहे. नावातच शिक्षण आणि मोबदला यांना शेजारी बसवले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. या योजनेच्या रचनेचे गुणदोष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

२

या योजनेचे मर्म कळण्यासाठी तिच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाकडे वळले पाहिजे. मार्सी व्हाइटबुक, कॅरोली हाउज आणि डेबोरा फिलिप्स यांनी अटलांटा, बॉस्टन, डिट्रॉइट, फीनिक्स आणि सिअ‍ॅटल या पाच शहरांतील २२७ बालसंगोपन केंद्रांची पाहणी करून १९८९ साली ‘हू केअर्स?’ हा अहवाल सादर केला. शीर्षकात श्लेष आहे. ‘सांभाळ कोण करतो?’ आणि ‘पर्वा कोणाला आहे?’ असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. अहवालातील आकडे पाहता दुसरा अर्थच प्रबळ वाटू लागतो. शिक्षिकांचे सरासरी वेतन ताशी ५.३५ डॉलर होते. एका वर्षात नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण ४१ टक्के होते. १९७७ साली तेच प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे वर्ष संपता संपता दर पाच शिक्षिकांपैकी दोन शिक्षिका मुलांच्या दृष्टीने नाहीशा होत होत्या. ज्या केंद्रांत ही ये-जा अधिक, तेथील मुले भाषेत आणि परस्परांशी वागण्यात मागे पडलेली आढळली.

या अहवालाने दोन निष्कर्ष एकत्र मांडले. अधिक शिकलेली शिक्षिका मुलांशी अधिक समजुतीने आणि संवेदनक्षमतेने वागते, हा पहिला. शिक्षिका टिकते की जाते हे मुख्यतः वेतनावर अवलंबून असते, हा दुसरा. निरनिराळे पाहिले तर दोन्ही निष्कर्ष साधे आहेत. एकत्र ठेवले की मात्र त्यांतून एक पेच उभा राहतो. शिक्षिकेला शिकवले नाही तर केंद्राचा दर्जा सुधारत नाही. शिकवले आणि वेतन तेवढेच ठेवले तर ती अधिक पगार देणाऱ्या सरकारी प्राथमिक शाळेत निघून जाते. ज्या शिष्यवृत्तीने तिला केंद्रात अधिक समर्थ करायचे, तीच शिष्यवृत्ती तिला केंद्राबाहेर नेणारे दार ठरते.

३

‘टीच’ योजनेची रचना या पेचाला दिलेले उत्तर आहे. स्यू रसेल यांच्या नेतृत्वाखाली ती आकारास आली. तिचा पाया तिपेडी करार हा आहे. एका बाजूस शिक्षिका, दुसऱ्या बाजूस तिला कामावर ठेवणारे केंद्र आणि तिसऱ्या बाजूस योजना. शुल्क व पुस्तके यांच्या खर्चाचा फार मोठा भाग योजना उचलते, लहान हिस्सा केंद्र देते आणि थोडा भार शिक्षिका स्वतः सोसते. अभ्यासासाठी शिक्षिकेला आठवड्यातून काही तास पगारी सवलत मिळते आणि त्या तासांची भरपाई योजना केंद्राला करते. ठरलेला अभ्यासक्रम पुरा झाला की शिक्षिकेला वेतनवाढ किंवा एकरकमी बक्षीस मिळते. याच्या मोबदल्यात तिने ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याच केंद्रात किंवा त्याच क्षेत्रात राहावयाचे असते. ही रचना पुढे वीसहून अधिक राज्यांत पोचली.

या रचनेतील पहिला गुण असा की, शिक्षिकेच्या वेळेला तिने किंमत दिली. पगारी सवलतीचे तास ही बाब वरवर किरकोळ वाटते; परंतु याच कलमात योजनेची खरी दृष्टी प्रकट होते. दिवसभराच्या कामानंतर रात्री अभ्यास करणाऱ्या स्त्रीचे कौतुक करणे सोपे आहे. तिला दुपारचे दोन तास मोकळे करून देणे, आणि त्या दोन तासांत मुलांपाशी दुसरी शिक्षिका उभी करण्याचा खर्च मान्य करणे, हे अवघड आहे. दुसरा गुण असा की, केंद्रचालकाला या योजनेने प्रेक्षक राहू दिले नाही. ज्याने खर्चाचा हिस्सा उचलला त्याला शिक्षिकेच्या यशात स्वारस्य उत्पन्न होते. तिसरा गुण कर्जमुक्तीचा. अमेरिकेत उच्च शिक्षण बहुधा कर्ज काढून घेतले जाते. ज्या व्यवसायात पदवीनंतरही वेतन तुटपुंजे राहते, तेथे शिक्षणासाठी कर्ज काढण्याचा सल्ला देणे म्हणजे गरिबीवर व्याज लावणेच होय. ‘टीच’ने हा मार्ग टाळला.

४

इतके श्रेय दिल्यानंतर योजनेच्या मर्यादांचा विचार करणे क्रमप्राप्त आहे.

करारातील वेतनवाढ ही प्रश्नाच्या आकाराशी जुळणारी नाही. बालकेंद्रातील शिक्षिका आणि सरकारी शाळेतील शिक्षिका यांच्या वेतनांतील दरी मोठी आहे. करारातील वाढ किंवा बक्षीस त्या दरीवर टाकलेल्या एका फळीएवढे आहे. एकरकमी बक्षीस तर पुढील वर्षी उरतच नाही. नॉर्थ कॅरोलायनात १९९४ पासून शिक्षणाच्या प्रमाणात वेतनाला पूरक रक्कम देणारी ‘वेजेस’ ही स्वतंत्र योजना सुरू करावी लागली, यातच या मर्यादेची कबुली आहे.

दुसरी मर्यादा केंद्राच्या हिश्शाची आहे. ज्या केंद्राची आमदनी केवळ पालकांच्या शुल्कावर अवलंबून आहे, तेथे केंद्राचा हिस्सा अखेर पालकांच्याच खिशातून येतो. श्रमिक वस्तीतील केंद्राला हा लहान हिस्साही जड जातो. परिणामी ज्या शिक्षिकेला शिक्षणाची सर्वांत अधिक गरज, तिच्याच केंद्राला करारात उतरणे सर्वांत कठीण होते. ऐच्छिक आणि सहभागावर उभारलेल्या प्रत्येक योजनेत हा दोष कमीअधिक प्रमाणात असतोच.

तिसरा मुद्दा पुराव्याचा. शिष्यवृत्ती घेतलेल्या शिक्षिका नोकरी सोडत नाहीत, असे अशा योजनांच्या समर्थनार्थ सांगितले जाते. परंतु करारानेच जिला ठराविक काळ बांधून ठेवले आहे, तिच्या टिकण्यावरून योजनेची परिणामकारकता ठरवणे तर्काला धरून नाही. शिवाय करारात येणारी शिक्षिका मुळातच या कामाशी अधिक निष्ठा बाळगणारी असण्याचा संभव असतो. करार संपल्यानंतर तीन-चार वर्षांनी ती कोठे असते, हा खरा प्रश्न होय.

याहून मूलगामी आक्षेप २००७ साली पुढे आला. डायन अर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वप्राथमिक वर्गांवरील सात मोठ्या अभ्यासांतील सामग्री नव्याने तपासली. शिक्षिकेची पदवी, वर्गाचा दर्जा आणि मुलांची प्रगती यांच्यात सुसंगत संबंध त्यांना आढळला नाही. हा निष्कर्ष १९८९ च्या अहवालाला छेद देणारा वाटतो. परंतु त्यावरून शिक्षण निरुपयोगी आहे असे अनुमान काढणे घाईचे ठरेल, आणि त्या संशोधकांनीही ते काढले नाही. बालशिक्षण या एकाच नावाखाली निरनिराळ्या महाविद्यालयांत निरनिराळे शिकवले जाते, आणि नवी पदवी घेऊन परतलेल्या शिक्षिकेला केंद्रात ते वापरण्याची मोकळीक असतेच असे नाही. पदवी हे शिक्षणाचे चिन्ह आहे. चिन्ह मोजणे सोपे म्हणून शिक्षणच मोजले गेले असे होत नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी या आक्षेपातून घ्यावयाचा धडा हाच की, किती जणींना पदवी मिळाली यापेक्षा कोणता अभ्यासक्रम शिकवला गेला आणि तो कोणत्या परिस्थितीत वापरला गेला, याची चौकशी अधिक महत्त्वाची आहे.

५

पात्रता वाढवावी आणि वेतनाचा विचार मागाहून करावा, या मार्गाचे फलित ‘हेड स्टार्ट’ या गरीब मुलांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पाहावयास मिळते. त्यातील निम्म्या शिक्षिका २०१३ पर्यंत पदवीधर असाव्यात, असे २००७ च्या कायद्याने ठरवले. मुदतीपर्यंत हे उद्दिष्ट ओलांडले गेले. परंतु या पदवीधर शिक्षिका आणि सरकारी शाळांतील पदवीधर शिक्षिका यांच्या वेतनांतील अंतर कायम राहिले. कायद्याने प्रमाणपत्रे मिळवली. न्याय मिळवला नाही.

वॉशिंग्टन शहराचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. तेथे २०१६ साली केंद्रातील मुख्य शिक्षिकेला दोन वर्षांच्या महाविद्यालयीन पदवीची सक्ती करण्यात आली. नियमाला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २०२२ साली अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. तथापि याच सुमारास शहराने दुसरेही पाऊल टाकले. अधिक उत्पन्नाच्या नागरिकांवरील कर वाढवून बालशिक्षिकांसाठी २०२१ साली समवेतन निधी उभारला गेला, आणि २०२२ पासून शिक्षिकेला १४,००० डॉलरपर्यंत व साहाय्यक शिक्षिकेला १०,००० डॉलरपर्यंत रक्कम देण्यात आली. वेतनाचा भार पालकांवर न टाकता समाजावर टाकण्याचा हा प्रयत्न होता. २०२४ च्या अर्थसंकल्पात हाच निधी रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि नगरपरिषदेने तो कमी प्रमाणात का होईना, टिकवला. यावरून उघड होते की, शिष्यवृत्तीला वेतनाची जोड देणे शक्य आहे. परंतु ती जोड दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या दयेवर असेल तर शिक्षिकेला तिच्या भरवशावर आयुष्य आखता येत नाही.

६

महाराष्ट्रातील वाचकाला हा पेच परका वाटण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे जे कार्य केले, त्यात बालशिक्षिका घडवणे हे अंग नेहमीच मध्यवर्ती होते. स्वतः अनुताई लहान वयात वैधव्य आल्यानंतर शिक्षिका झाल्या, नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या आणि पदवी तर त्यांनी प्रौढ वयात घेतली. या चरित्राविषयी वाटणारा आदर सार्थच आहे. परंतु असामान्य व्यक्तीच्या तपश्चर्येला सामान्य शिक्षिकेसाठी नियम बनवणे न्याय्य नव्हे. अनुताईंनी जे सोसले ते पुढच्या शिक्षिकेला सोसावे लागू नये, हाच त्या तपश्चर्येचा खरा सन्मान होईल.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावी उत्तीर्ण अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचवला आहे. चालू कामात कमीत कमी व्यत्यय यावा म्हणून तो दूरचित्रवाणी वाहिन्या व स्मार्टफोन यांच्याद्वारे, आणि महिन्यातून निदान एक संपर्कवर्ग घेऊन, शिकवावा असे धोरण म्हणते. हेतू स्तुत्य आहे. परंतु वर मांडलेले तीन प्रश्न या तरतुदीला विचारले असता, पहिल्याचेच उत्तर मिळते. ‘कामात व्यत्यय नको’ याचा अर्थ अभ्यास कामाच्या वेळेबाहेर, म्हणजे घरच्या चुलीच्या आणि झोपेच्या वेळेत करावयाचा, असाच होतो. अभ्यासक्रम पुरा केल्यावर मोबदला किती वाढेल, याचा उल्लेख या तरतुदीत नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यापासून सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळत आले आहे. केंद्र सरकारच्या निकषानुसार ते ऑक्टोबर २०१८ पासून मासिक ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये झाले. राज्ये त्यात आपली भर घालतात. सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे मान्य होण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय व्हावा लागला. मानधन या शब्दात मान आधी आणि धन मागाहून येते. व्यवहारात मान शब्दापुरता आणि धन नावापुरते, अशी स्थिती फार काळ राहिली.

‘टीच’ योजना जशीच्या तशी येथे आणता येईल, असे नाही. तेथील नियोक्ता खासगी केंद्र आहे, येथील अंगणवाडीचा नियोक्ता वस्तुतः शासनच आहे. परंतु याच भेदामुळे येथील काम एका अर्थी सुलभ आहे. तिपेडी करारातील दोन पेड, म्हणजे शिक्षणाचा खर्च देणारा आणि वेतन देणारा, येथे एकाच हाती आहेत. अभ्यासाचे तास कामाचे तास म्हणून मोजणे, त्या तासांत मुलांसाठी पर्यायी व्यवस्था करणे आणि अभ्यासक्रमाच्या पूर्तीला मानधनातील कायम वाढीशी जोडणे, या तीन गोष्टी एका शासन निर्णयाच्या कक्षेत येऊ शकतात.

शिष्यवृत्ती ही देणगी मानली की ती घेणाऱ्याने कृतज्ञ राहावे अशी अपेक्षा उत्पन्न होते. ती करार मानली की दोन्ही बाजूंना कर्तव्ये येतात. नॉर्थ कॅरोलायनातील योजनेचे उणेपण पुष्कळ आहे. पण शिक्षिकेला शिकण्यास सांगणाऱ्याने तिला वेळ आणि वेतन देण्याचे वचनही त्याच कागदावर लिहून दिले पाहिजे, हे तत्त्व तिने प्रस्थापित केले. बालशिक्षिकेच्या शिक्षणाविषयीची कोणतीही नवी योजना तपासताना प्रथम तो कागद पाहावा, आणि त्यावर सह्या कोणाकोणाच्या आहेत ते मोजावे.