मैदानाची मालकी आणि खेळाचा अधिकार : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

महाराष्ट्रात क्रीडासंस्था आणि मैदानाचे मालक यांच्यात गेली सुमारे दीडशे वर्षे वाद होत आले आहेत. असा प्रत्येक वाद बहुधा नवे मैदान आणि नवा मालक निर्माण करून मिटवला गेला. प्रत्यक्ष खेळणाऱ्याच्या वापरहक्काला मात्र कायदेशीर रूप मिळाले नाही. जेथे बहुतांश जमीन वनखात्याच्या ताब्यात आहे, त्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत हा तोडगा अपुरा पडतो. प्रस्तुत लेखात या तोडग्याची चिकित्सा केली असून, याच प्रदेशातील निस्तार व सामूहिक वनहक्क या संकल्पनांच्या आधारे पर्यायी विचार मांडला आहे.

बीजसंज्ञा : मैदान, क्रीडासंकुल, भाडेपट्टा, निस्तार, ग्रामसभा, वनहक्क.

प्रस्तावना

क्रीडाविषयक मराठी लेखनात खेळाडू आणि सामने यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे मैदानाला मिळालेले नाही. मैदान हे गृहीत धरले जाते. वस्तुतः खेळाचा पहिला प्रश्न जमिनीचा असतो. ती कोणाच्या नावावर आहे, तिचे फाटक कोण उघडतो, सरावासाठी ती किती तास मिळते आणि मालकाची गरज बदलली की खेळाडूने कोठे जायचे, या प्रश्नांची उत्तरे सातबारा, भाडेपट्टा आणि शासननिर्णय यांत दडलेली असतात. म्हणूनच मैदानाच्या वादांचा अभ्यास क्रीडाशास्त्राबरोबर इतिहास, विधी आणि समाजशास्त्र यांच्या कक्षेत येतो.

एस्प्लनेडचा वाद : पहिला धडा

या विषयावरील सर्वांत जुन्या भारतीय लेखनात शापूरजी सोराबजी यांच्या १८९७ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकाचा समावेश करावा लागेल. पारशी समाजातील क्रिकेटचा वृत्तांत आणि युरोपीय पोलोविरुद्ध देशी क्रिकेटचा झगडा, असा त्याचा दुहेरी विषय आहे. मुंबईच्या किल्ल्यालगतच्या एस्प्लनेड मैदानावर देशी तरुण क्रिकेट खेळत. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यापाशी स्वतःचे राखीव मैदान होते. तरीही युरोपीय खेळाडू पोलोसाठी देशी खेळाडूंच्या मैदानावर घोडे आणीत आणि टापांनी तेथील भूमी उखडून जाई. १८८१ पासून या खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. त्यानंतर प्रतिअर्ज, अनुकूल आदेश आणि त्या आदेशाचा फेरविचार असा क्रम चालला.

या पुस्तकाचे मोल केवळ वसाहतवादविरोधी दस्तऐवज म्हणून नाही. शापूरजींच्या युक्तिवादाचा गाभा वापराचा आहे. वर्षानुवर्षे जे येथे खेळत आले, त्यांच्या खेळाची हानी होऊ नये, एवढीच त्यांची मागणी होती. जमिनीची मालकी त्यांनी मागितली नव्हती. वादाचा शेवट मात्र वेगळ्या दिशेने झाला. पारशी जिमखान्याला १८८७ मध्ये केनेडी सी-फेसवर जागा मिळाली आणि १८९०च्या दशकात त्याच पट्ट्यात हिंदू व इस्लाम जिमखान्यांनाही भूखंड मिळाले. सामाईक मैदानावरील वापराचा प्रश्न अशा रीतीने धर्मनिहाय सदस्यसंस्थांच्या भूखंडांत विभागला गेला. ज्याला जिमखान्याचे सदस्यत्व परवडत नव्हते, त्याचे स्थान या तोडग्यात कोठेच नव्हते. शापूरजींच्या लेखनाची मर्यादाही येथेच दिसते. संघटित, साक्षर आणि अर्ज लिहू शकणाऱ्या खेळाडूंपलीकडचा वापरकर्ता त्यांच्या दृष्टिक्षेपात येत नाही.

ब्रेबर्न ते गहुंजे : मालक बदलले, प्रश्न उरला

स्वातंत्र्योत्तर काळात वादाचे पक्ष बदलले, तोडगा तोच राहिला. बॅकबेच्या भराव घातलेल्या जमिनीवर उभे राहिलेले आणि १९३७ मध्ये सुरू झालेले ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे होते. मुंबईतील क्रिकेटची नियामक संस्था मात्र बॉम्बे क्रिकेट असोसिएशन होती. सामन्यांच्या प्रेक्षक-जागा कोणाला किती मिळाव्यात, यावरून दोन्ही संस्थांत तेढ वाढत गेली. अखेर असोसिएशनने अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने स्वतंत्र स्टेडियम उभारले. वानखेडे हे विदर्भातील राजकारणी आणि त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धचा कसोटी सामना नव्या स्टेडियमवर झाला. एकमेकांपासून एका किलोमीटरपेक्षा कमी अंतरावर दोन मोठी स्टेडियमे उभी राहिली, ती खेळाडूंच्या गरजेपेक्षा तिकिटांच्या वाटपातून, हे विसरता येत नाही.

स्वतःचे म्हणून बांधलेले हे स्टेडियमही शासनाच्या जमिनीवरच उभे आहे. त्याच्या भाडेपट्ट्याची मुदत २०१८ मध्ये संपली आणि २०१९ मध्ये थकीत रकमेसंबंधी शासनाची नोटीस निघाली. मालकी मिळाली म्हणजे वाद संपला, या समजुतीला हे उदाहरण छेद देते.

पुण्यातही हाच क्रम आढळतो. स्वारगेटजवळील नेहरू स्टेडियम पुणे महानगरपालिकेचे. सामन्यांच्या तिकिटांवरून पालिका आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन यांच्यात वाद झाले आणि संघटनेने शहराबाहेर गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम उभारले. २०१२ पासून तेथे मोठे सामने होऊ लागले. संघटनेचा प्रश्न सुटला. परंतु शहराच्या मध्यभागी सायकलवरून सरावाला येणाऱ्या मुलासाठी गहुंजेचे अंतर काय, हा प्रश्न वादाच्या कोणत्याच टप्प्यावर विचारला गेला नाही.

जामठ्याचे यश आणि त्याची मर्यादा

येथे एक प्रतिवाद लक्षात घेणे आवश्यक आहे. क्रीडासंस्थेपाशी स्वतःचे मैदान असण्याचे लाभ खरे आहेत. खेळपट्टीची निगा, पावसाळ्यापूर्वीची तयारी, वयोगटनिहाय शिबिरे ही कामे अनेक वर्षांची शाश्वती असल्याशिवाय होत नाहीत. उद्या मैदान मिळेल की नाही हे ठाऊक नसलेली संस्था प्रशिक्षणाचा आराखडा आखूच शकत नाही. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने नागपुरातील सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानाखेरीज वर्धा मार्गावर जामठा येथे स्टेडियम उभारले. तेथे नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. विदर्भाच्या संघाने पुढे २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या हंगामांत रणजी करंडक जिंकला. या यशाचे सारे श्रेय मैदानाला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि सुविधांच्या स्थैर्याचा त्यातील वाटा नाकारता येणार नाही.

तरीही चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने या यशाचा अर्थ मर्यादित राहतो. गडचिरोली ते नागपूर हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे आणि भामरागड तर गडचिरोलीपासूनच दीडशे किलोमीटरहून दूर आहे. एखाद्या खेळाचे केंद्र एका शहरात बलवान झाले की परिघावरील मुलाला निवडचाचणीपुरते बोलावले जाते. रोजच्या सरावाची जागा त्याला गावातच लागते. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून एव्हरेस्ट शिखर सर केले. या भागात क्षमतेचा तुटवडा नाही, हे त्यातून सिद्ध झाले. पण ती निवड मोजक्या विद्यार्थ्यांची होती आणि त्यांची खरी तयारी जिल्ह्याबाहेर, डोंगराळ मुलखात झाली.

वनजिल्ह्यांतील मैदान

राज्य शासनाने विभाग, जिल्हा आणि तालुका या पातळ्यांवर क्रीडासंकुले उभारण्याचे धोरण स्वीकारले आहे. बल्लारपूर तालुक्यातील विसापूर येथील संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. अशा संकुलांची उपयुक्तता त्यातून दिसते. आक्षेप आहे तो धोरणामागील गृहीतकावर. संकुल म्हणजे आवारभिंत, फाटक, समिती, शुल्क आणि देखभालीचा खर्च. ते तालुक्याच्या ठिकाणी एकच असते. एटापल्ली, धानोरा किंवा जिवतीसारख्या विखुरलेल्या वस्तीच्या तालुक्यांत एका संकुलाचा लाभ किती गावांना मिळणार, याचे उत्तर नकाशाच देतो.

दुसरी अडचण जमिनीची. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनक्षेत्र आहे. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार वनजमीन वनेतर कामासाठी वापरायची तर केंद्र शासनाची मान्यता लागते. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) ने यातून एक वाट काढून दिली. ग्रामसभेच्या शिफारशीने, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी क्षेत्रावर आणि हेक्टरी ७५ हून अधिक झाडे न तोडता, शासनव्यवस्थापित तेरा प्रकारच्या सुविधांसाठी वनजमीन वळवता येते. या यादीत शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, रस्ते, कौशल्यविकास केंद्र आणि समाजकेंद्र आहेत. क्रीडांगण नाही.

ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देण्याजोगी नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असे मानक आहे. शाळेच्या एक हेक्टरच्या आत क्रीडांगण बसवता येईल, असा युक्तिवाद करता येतो आणि लहान खेळांपुरता तो ग्राह्यही आहे. कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर, तर खो-खोचे २७ मीटर बाय १६ मीटर असते. परंतु ४०० मीटरच्या आठपदरी धावमार्गाला सुमारे १७७ मीटर लांबी आणि ९३ मीटर रुंदी, म्हणजे १.६ हेक्टरच्या आसपास जागा लागते. शिवाय शाळेच्या आवारातील मैदान शाळा सोडलेल्या तरुणाला मिळेलच, याची हमी नसते. २०२३ च्या सुधारणेने प्राणिसंग्रहालय, सफारी आणि पर्यावरण-पर्यटनाच्या सुविधा काही अटींवर वनेतर कामाच्या व्याख्येतून वगळल्या. पर्यटकाच्या विरंगुळ्याला कायद्याने जागा करून दिली. वनालगत राहणाऱ्या मुलाच्या खेळाचा मात्र तेथेही विचार झाला नाही.

परिणामी या भागातील खेळ आठवडी बाजाराची मोकळी जागा, खळे, आश्रमशाळेचे पटांगण, पोलिसांचे कवायत मैदान किंवा खाण व कारखान्यांच्या वसाहतींतील मैदाने यांवर अवलंबून राहतो. ही सर्व मैदाने वापरात असली तरी खेळाडूची नाहीत. मालकाने ठरवले की खेळ थांबतो, आणि थांबलेल्या खेळाविरुद्ध दाद मागण्यासाठी कोणताही कागद नसतो.

पर्यायाची दिशा

मालकी न देताही वापराला संरक्षण देता येते, याची उदाहरणे अन्यत्र आहेत. इंग्लंडमध्ये लोकलिझम ॲक्ट, २०११ नुसार एखादी वास्तू समाजोपयोगी मालमत्ता म्हणून नोंदवता येते. नोंदीनंतर मालकाला ती विकायची असल्यास स्थानिक समूहाला बोली लावण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळतो. २०१३ मध्ये ऑक्सफर्ड युनायटेड या फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांनी, संघाच्या मालकीचे नसलेले कसम स्टेडियम अशा रीतीने नोंदवून घेतले. हा अधिकार मर्यादित आहे. मालकाला विकण्यास किंवा न विकण्यास तो भाग पाडत नाही. तरी मैदानावर मालकाखेरीज इतरांचेही हितसंबंध आहेत, याची त्यात कायदेशीर नोंद होते.

तथापि चंद्रपूर-गडचिरोलीला हा विचार परदेशातून आणण्याची गरज नाही. पूर्वीच्या मध्यप्रांताच्या या भागात निस्ताराची परंपरा जुनी आहे. सरपण, चराई, खळे, स्मशान यांसाठी गावाने सामाईक जमीन कशी वापरावी, याची नोंद निस्तारपत्रकात होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भासाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. त्याचप्रमाणे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे वन राष्ट्राचेच राहिले. वापर, संरक्षण आणि व्यवस्थापन यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. क्रीडाधोरणाला जी कल्पना सुचली नाही, ती या जिल्ह्याच्या वनव्यवस्थेत प्रत्यक्ष राबवली गेली आहे.

या आधारे तीन गोष्टी सुचवता येतात. पहिली, गावठाण व गायरानातील ज्या जागेवर पूर्वापार खेळ चालतो, तिची खेळाच्या वापरासाठी निस्तारविषयक अभिलेखात नोंद व्हावी. दुसरी, कलम ३(२) च्या यादीत क्रीडांगणाचा स्पष्ट समावेश व्हावा. तोवर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल अशा कमी जागेच्या खेळांना शाळा आणि समाजकेंद्राच्या आराखड्यातच स्थान मिळावे. तिसरी, शासकीय जमिनीवर कोणत्याही क्रीडासंस्थेला भाडेपट्टा देताना सदस्य नसलेल्या स्थानिक मुलांसाठी सरावाचे किमान तास ही भाडेपट्ट्याची अट असावी. संस्थेला मुदतीचे स्थैर्य मिळावे आणि त्याच कराराने गावाला वापराची हमी मिळावी.

या सूचनांवर वनसंरक्षणाच्या बाजूने आक्षेप येईल आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. क्रीडांगणाच्या नावाखाली वनजमीन इमारतींकडे जाण्याचा धोका खरा आहे. म्हणूनच झाडांची मर्यादा, ग्रामसभेची शिफारस आणि पक्क्या बांधकामाला मनाई या अटी आवश्यक ठरतात. मोकळे मैदान पुन्हा वन होऊ शकते. प्रेक्षागृहाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

निष्कर्ष

एस्प्लनेडपासून गहुंजेपर्यंतचे वाद पाहता, मैदानाचा प्रश्न मालकीच्या भाषेत मांडला की ज्याच्याकडे भांडवल, सदस्यत्व किंवा राजकीय वजन आहे त्याच्याच बाजूने तो सुटतो, असे दिसते. शहरात या पद्धतीचे दुष्परिणाम काही अंशी झाकले जातात, कारण दुसरी एखादी जागा सापडते. वनजिल्ह्यांत तशी सोय नाही. येथे क्रीडासंस्थेला विकत घेण्याजोगी जमीन थोडी आणि शासनाला संकुल बांधण्याजोगी जागाही थोडी. त्यामुळे वापराचा हक्क लिहून देणे हाच येथील व्यवहार्य मार्ग ठरतो. शारीरिक शिक्षण, विधी, भूगोल आणि समाजशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांनी आपापल्या महाविद्यालयाच्या परिसरातील खेळाच्या जागांची गावनिहाय नोंद केली, तर या मागणीला अभ्यासाचा आधार मिळेल. अशी नोंद हाती नसेल, तर पुढील वादही पूर्वीप्रमाणेच मालकांमध्ये होईल आणि खेळाडू त्यात पक्षकार नसेल.