दुकानदाराची चिठ्ठी आणि वर्गातले कासव

गेल्या हिवाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही सिन्नरला गेलो होतो. शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत खिडकीपाशी काचेचे गोल भांडे होते आणि त्यात तळहाताएवढे हिरवे कासव. भिंतीवर दुकानातून मिळालेली ‘कासवाची निगा’ ही छापील चिठ्ठी डकवलेली होती. कासवाचे डोळे सुजलेले होते, कवच बोटाने दाबले की किंचित आत जाई. बाई म्हणाल्या, “आम्ही तर सगळं चिठ्ठीप्रमाणेच करतो.” ते खरे होते, म्हणूनच ती चिठ्ठी तपासावीशी वाटली.

‘भांडे खिडकीजवळ, उजेडात ठेवा.’ ऐकायला शास्त्रीय वाटते. पण कासवाचे कवच म्हणजे पाठीवर घेतलेले घर नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या मिळून ते बनते. कवच मऊ पडले म्हणजे हाडे मऊ पडली. हाडांना कॅल्शियम हवे, ते शोषायला ड-जीवनसत्त्व हवे, आणि हे कासव ते उन्हात बसून कातडीत तयार करते. त्यासाठी लागणारे अतिनील किरण साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे. खिडकीची साधी काच नेमके हेच किरण बहुतांशी अडवते. खोली लख्ख उजळते, कासवाच्या पदरात मात्र काही पडत नाही. बरे, भांड्यात पाण्याबाहेर चढून बसायला दगडही नव्हता. आणि एवढेसे भांडे थेट उन्हात ठेवावे तर पाणी तापून कासव मरायचे.

‘थंडीत खाणे सोडल्यास काळजी नको, ते झोपते.’ ही सूचना आम्हांला सर्वांत घातक वाटली. नाशिक जिल्ह्यात थंडीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, दुपारी पुन्हा ऊन. कासवाच्या शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून असल्याने गारठ्यात पचन मंदावते. अशक्त कासवाचे खाणे सुटणे ही झोप नसते, बहुधा आजार असतो. नुसत्या सुक्या झिंग्यांवर ठेवलेल्या कासवाला अ-जीवनसत्त्व कमी पडते आणि डोळे सुजतात. डोळे मिटले की अन्न दिसत नाही, अन्न नाही म्हणून डोळे बरे होत नाहीत.

‘कासव भांड्याच्या मापानेच वाढते’ ही तर थापच आहे. डोळ्यांमागे लाल पट्टे असलेले हे रेड-इअर्ड स्लायडर मूळचे अमेरिकेतील मिसिसिपीच्या खोऱ्यातले. त्याचे कवच २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि ते वीस-तीस वर्षे सहज जगते.

हात धुण्याविषयी चिठ्ठीत अवाक्षर नाही. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. मुलांना होणाऱ्या या संसर्गामुळेच अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. इथे तर मुले ते भांडे पिण्याच्या पाण्याच्या नळाखालीच विसळत होती.

हे सारे बोलून झाल्यावर एका शिक्षकांनी विचारले, “सर, मग देवनदीत सोडून देऊ का?” प्रश्न मायेपोटीच होता. पण देवनदी गोदावरीला मिळते. रामसर यादीत गेलेले नांदूर-मधमेश्वर याच गोदावरीवर आहे, आणि मऊ पाठीचे लीथचे कासव, जे आज नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे, तेही गोदावरीतलेच. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींत स्लायडरची गणना होते. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. उलट, आपल्या ओढ्यातले कासव पकडून वर्गात आणण्याचा विचारही नको. आपल्याकडची बहुतेक कासवे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

मग शाळेने काय करावे? आधी पशुवैद्य. नंतर मोठी टाकी, चढून बसायला विटा, अतिनील किरणांचा दिवा किंवा पहारा ठेवून, अर्धी सावली असलेल्या जागी सकाळचे कोवळे ऊन, पाणी गाळायची सोय, आणि खाण्यात पालेभाजी. खर्चाचा आकडा फळ्यावर मांडला तेव्हा तो कासवाच्या किमतीच्या कितीतरी पट निघाला. सातवीच्या एका मुलीने विचारले, दुकानदार हा आकडा चिठ्ठीत का छापत नाही? उत्तर आम्ही दिले नाही, वर्गानेच दिले. बाईंनी चिठ्ठी काढली आणि पशुवैद्याचा पत्ता शोधायला त्या कार्यालयात गेल्या.