बसलेल्या आवाजाची तबकडी

वाद्यवृंदातून फुटून निघालेल्या गवयाची पहिली स्वतंत्र तबकडी आपण मोठ्या कौतुकाने ऐकतो. निम्मे गुण तिला ऐकण्यापूर्वीच दिलेले असतात. खरी परीक्षा पुढे, घरातली साठवण संपल्यावर होते. जॉर्ज हॅरिसनच्या 'डार्क हॉर्स' या डिसेंबर १९७४ मधल्या तबकडीचे दुखणे नेमके तिथे आहे. लोक मात्र सारा दोष त्याच्या घशावर ढकलून मोकळे होतात, म्हणून हा लेखप्रपंच.

घसा बसला होता, हे खरेच. इंग्रजीत 'डार्क हॉर्स' म्हणजे शर्यतीत ज्याच्यावर कुणी पैसे लावीत नाही, आणि जो अचानक पुढे येतो, तो घोडा. आता त्याच भाषेत 'घोडा' आणि 'घोगरा' या दोन शब्दांचा उच्चार जवळजवळ एकच. टीकाकारांना आयतेच कोलीत मिळाले! त्यांनी त्या नावावर कोट्या केल्या, आणि पन्नास वर्षे उलटली तरी त्या कोटीपलीकडे कुणी फारसे गेलेले नाही.

'बीटल्स' या चौकडीत जॉर्ज सर्वांत धाकटा. गाणी रचण्याचा मान लेनन आणि मॅकार्टनी या दोघांचा. जॉर्जच्या वाट्याला तबकडीमागे फार तर दोनतीन गाणी. बाकीची मनात साठत गेली. १९७० मध्ये चौकडी फुटली, आणि त्याच वर्षी त्याने 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हा चक्क तीन तबकड्यांचा संच काढला. कणगीच फोडली म्हणा ना! दाणा टपोरा होता, आणि तो वर्षानुवर्षे मुरलेला होता. पुढे १ ऑगस्ट १९७१ रोजी बांगलादेशाच्या मदतीसाठी न्यूयॉर्कमध्ये त्याने जलसा केला, त्याने तर त्याचे नाव जगभर झाले.

आता १९७४ साल पाहा. या गृहस्थाने स्वतःची ध्वनिमुद्रिका-कंपनी काढली. तिच्यासाठी दुसऱ्यांच्या तबकड्या बसवून दिल्या, त्यांत रविशंकरांचीही एक होती. रविशंकरांच्या भारतीय वाद्यवृंदाला युरोपात नेले. पत्नी पॅटी त्याला सोडून त्याच्याच जिवलग मित्राकडे, एरिक क्लॅप्टनकडे गेली. आणि २ नोव्हेंबरला कॅनडातल्या व्हँकूव्हरपासून मोठा दौरा सुरू व्हायचा होता. ऑक्टोबरात लॉस एंजेलिसमध्ये दिवसभर दौऱ्याची तालीम आणि उरलेल्या वेळात तबकडीचे गाणे, असा उद्योग चालला. आपल्याकडचा कुठलाही पेटीवाला सांगेल की असल्या घशाला मध-ज्येष्ठमध देऊन भागत नाही, त्याला गप्प बसवावे लागते. पण तारखा ठरल्या होत्या.

तबकडीत नऊ गाणी. पहिले नुसत्या वाद्यांचे. चटपटीत आहे, पण यजमान अजून यायचा आहे म्हणून पाहुण्यांची करमणूक चालली आहे असे वाटते. 'सो सॅड' ही खरी व्यथा. मात्र चाल दोन वर्षांपूर्वीची, आणि ती आधी दुसऱ्या गायकांना देऊनही झालेली. 'बाय बाय लव्ह' हे एव्हर्ली बंधूंचे १९५७ सालचे लोकप्रिय गाणे. त्यात शब्द बदलून त्याने पत्नीला आणि मित्राला टोमणे मारले आहेत. मला हे गाणे सर्वांत जास्त खटकते. घरातले भांडण चव्हाट्यावर आणायला माझी हरकत नाही, अर्ध्याअधिक चांगल्या कविता त्यातूनच निघाल्या. पण भांडण तरी स्वतःच्या चालीत करावे! 'डिंग डाँग, डिंग डाँग' हे नववर्षाचे गाणे. त्याचे शब्द त्याच्या जुन्या वाड्यात कोरलेल्या वचनांवरून घेतलेले. म्हणजे शब्द भिंतीवरचे, आणि चाल घंटेची. उसनवारी किती करावी!

आणि गंमत अशी, की जिथे आवाज सर्वांत फाटलेला आहे, ते 'डार्क हॉर्स' हे गाणेच या तबकडीतले जातिवंत गाणे आहे. ते दौऱ्याच्या साथीदारांबरोबर तालमीच्या जागी एकत्र वाजवून घेतले. त्या घोगरेपणात एक हट्ट आहे, चार लोकांत मान ताठ ठेवण्याची धडपड आहे. साफ गळ्याने ते इतके रंगले असते की नाही, मला शंका आहे. तेव्हा घसा हा आरोपी नव्हे. कणगी रिकामी झाली होती आणि नवे पीक यायला अवसर दिला नव्हता, हा खरा आरोप.

हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडते तर मी एवढे मनाला लावून घेतले नसते. पण हा १९६६ मध्ये मुंबईला येऊन सतार शिकलेला माणूस. त्याचे गुरू रविशंकर अठराव्या वर्षी काय करीत होते? पॅरिस पाहिलेला तो मुलगा, थोरल्या भावाच्या नृत्यमंडळीतले टाळ्यांचे आयुष्य सोडून मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या दाराशी गेला आणि वर्षानुवर्षे रियाज करीत राहिला. गुरूने रियाजासाठी रंगमंच सोडला. शिष्याने रंगमंचासाठी विश्रांतीही सोडली. त्या दौऱ्यात खुद्द रविशंकरांना हृदयविकाराचा झटका आला, इतकी ती दगदग होती.

ही तबकडी अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली. त्याच्या स्वतःच्या इंग्लंडात विक्रीच्या यादीत तिचे नावही लागले नाही. पुढे १९७७ साल त्याने मोटारींच्या शर्यती पाहण्यात घालवले आणि गाण्यापासून जवळजवळ दूर राहिला. त्यानंतर १९७९ मध्ये जी तबकडी आली, तिला त्याने नुसते आपलेच नाव दिले. तिच्यात घाई नाही, टोमणे नाहीत, आणि सूर जागच्या जागी आहे.

'डार्क हॉर्स' ऐकायचीच असेल तर दुसरी बाजू लावा आणि घंटेचे गाणे सोडून पुढे चला. अगदी शेवटी वृंदावनच्या मुक्कामात सुचलेले भजन आहे, 'जय श्रीकृष्ण' म्हणणारे. रात्रभर जागलेल्या भजनी मंडळींचा पहाटे असतो तसाच तो आवाज लागला आहे, आणि तिथे तो मुळीच टोचत नाही.