रासायनिक संवेदक : वायूची ओळख की दिवसाची?

रासायनिक संवेदकांवर आधारलेल्या मापनयंत्रणांचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. हवेतील एखादा वायू ठरावीक मर्यादेपलीकडे गेला आहे काय, हा पहिला. आणि तो वायू कोणता, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देणारे साधन दुसऱ्याचेही उत्तर देईलच, असे मानण्यास आधार नाही.

धातूंच्या ऑक्साइडांचे संवेदक हे ह्याचे बोलके उदाहरण होय. १९६२ साली जपानमध्ये सेइयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताच्या ऑक्साइडाच्या पातळ थराचा असा उपयोग प्रसिद्ध केला. त्याच वर्षी तागुची यांनी आपल्या संवेदकाच्या एकस्वासाठी अर्ज केला. कथिलाचे ऑक्साइड तापविले असता हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो व तेथील इलेक्ट्रॉन अडवून धरतो. त्यामुळे विद्युत्‌रोध वाढतो. ज्वलनशील वायू त्या ऑक्सिजनशी संयोग पावला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घटतो. घरातील गॅसगळतीची सूचना देण्यास एवढे पुरेसे आहे. परंतु हायड्रोजन, अल्कोहोलची वाफ किंवा स्वयंपाकाचा गॅस ह्यांपैकी कोणामुळे रोध घटला, हे एकटा संवेदक सांगू शकत नाही. हवेतील दमटपणाचाही त्यावर परिणाम होतो.

ह्या उणिवेवर १९८२ साली वॉरिक विद्यापीठातील पर्सो व डॉड यांनी मार्ग सुचविला. प्रत्येक संवेदक थोडाबहुत सर्वांनाच प्रतिसाद देत असला, तरी अनेकांच्या प्रतिसादांचा मिळून होणारा आकृतिबंध वायूपरत्वे निराळा असतो. तो गणिताने ओळखावा, ही ती कल्पना. ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ ह्या नावाने पुढे वाढलेल्या शाखेचे मूळ येथे आहे. कल्पना मौलिक आहे, ह्यात संशय नाही. तथापि तिच्यात एक गृहीत दडलेले आहे : आकृतिबंधातील फरक वायूमुळेच पडतो.

प्रत्यक्षात संवेदकाचे वाचन काळानुसार सरकत जाते. तापलेल्या कणांची रचना बदलते, सिलिकोनयुक्त वाफांनी पृष्ठभाग निकामी होतो, खोलीचे तपमान व दमटपणा पालटतो. ह्या दोषाने केवढी दिशाभूल होऊ शकते, हे एका संग्रहाच्या इतिहासावरून कळते. २०१३ साली व्हेर्गारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी नियंत्रित वाऱ्याच्या बोगद्यात ७२ संवेदकांनी घेतलेली, १० वायूंची वाचने सर्वांसाठी खुली केली. नव्या गणनपद्धती पारखण्याची ती एक मान्य कसोटी बनली. २०२२ साली डेनलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्येक वायूचे प्रयोग वेगवेगळ्या काळी, गटागटाने झाल्याचे उघड झाले. परिणामी, वायू सोडण्यापूर्वीच्या वाचनावरूनच पुढे कोणता वायू येणार हे बव्हंशी सांगता येत होते! ते प्रारंभीचे वाचन वजा करूनही हा दोष पुरता दूर होत नाही, असेही त्यांनी दाखविले.

तेव्हा अशा संग्रहावर मिळालेले यश वायूच्या ओळखीचे की प्रयोगाच्या दिवसाच्या ओळखीचे, हे त्या यशाच्या टक्केवारीवरून ठरत नाही. दोषाचे खापर केवळ संग्रहकर्त्यांवर फोडणे मात्र न्याय्य होणार नाही. वेळांच्या नोंदी त्यांनी जपून ठेवल्या म्हणूनच तो उजेडात आला. त्या न पाहता आकडे वापरणाऱ्यांकडेही जबाबदारी जाते.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. संवेदक, तापक, विद्युत्‌मंडल आणि गणनपद्धती एवढ्यानेच मापनयंत्रणा पूर्ण होत नाही. प्रयोगांचा क्रम हाही तिच्या रचनेचाच भाग मानला पाहिजे. वायूंचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, अधूनमधून शुद्ध हवेचे व ज्ञात मिश्रणाचे वाचन घ्यावे, आणि पद्धतीची परीक्षा शिकवणीच्या दिवसांहून निराळ्या दिवसांच्या वाचनांवर करावी. वायू सोडण्यापूर्वीच्या वाचनांवरही तीच पद्धत चालवून पाहावी. तेथे ती ‘यशस्वी’ ठरली, तर तिचे पुढील यश संशयास्पद समजावे. खाणीत किंवा कारखान्यात ह्या यंत्रणेच्या शब्दावर माणसे विसंबणार असल्याने ही कसोटी ऐच्छिक मानता येत नाही.