पहिल्या वर्षाचा जमाखर्च

उपदेश हा आपल्या समाजातील सर्वांत स्वस्त दानधर्म होय. देणाऱ्याच्या पदरचे त्यात काही जात नाही, आणि घेणाऱ्याच्या हाती बहुधा काही पडत नाही. ह्या दानाचा सर्वांत मोठा वर्षाव होतो तो महाविद्यालयात नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यावर. शिवाजी पार्कच्या रहिवाशांस हे निराळे सांगावयास नको. पार्कापासून पायी जाता येईल इतक्या अंतरात रुइया (१९३७), पोदार (१९४१), रुपारेल (१९५२) आणि कीर्ति (१९५४) अशी चार महाविद्यालये आहेत. पावसाळा लागला की त्यांतील नवागत संध्याकाळी पार्काच्या कट्ट्यावर दिसू लागतात, आणि फेऱ्या मारावयास आलेले वडीलधारे त्यांस हटकून चार गोष्टी ऐकवितात : वेळ दवडू नकोस, संगत पारखून धर, इंग्रजी सुधार, पैसा जपून खर्च. ह्यांतील एकही गोष्ट खोटी नाही. परंतु ती कोणा एका मुलास पाहून सांगितलेली नसते. म्हणून ती कोणासही लागू पडत नाही. आपल्या मराठी ग्रंथांत हे पहिले वर्ष कसे उतरले आहे, आणि ते वाचून नवागताच्या हाती उपदेशाहून अधिक काही लागते काय, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

जुन्या ग्रंथांपैकी प्रथम आठवते ते अण्णासाहेब कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५). मुरूडचा हा मुलगा १८८१ साली मॅट्रिक झाला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पुढे प्रथम विल्सन आणि नंतर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८८४ साली तो बी. ए. झाला. शिकवण्या करून स्वतःचा भार सोसणाऱ्या ह्या विद्यार्थ्याची हकीकत कर्व्यांनी गणिताच्या शिक्षकास शोभेल अशा कोरड्या, नेमक्या भाषेत दिली आहे. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायपीट करावी, आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठविले जावे, हा प्रसंगही ते आवाज न चढविता सांगतात. त्यांत कोठेही ‘मुलांनो, माझ्यासारखे व्हा’ असे नाही. आणि तरीही ह्या ग्रंथाचा उपयोग आपण नेमका त्यासाठीच करीत आलो. वडिलांनी तो मुलाच्या हाती द्यावा तो वाचण्यासाठी नव्हे, तर लाजण्यासाठी. चांगल्या ग्रंथाची याहून मोठी विटंबना आम्हांस माहीत नाही.

ह्याच्या अगदी उलट प्रकार भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ ह्या कादंबरीचा (१९६३). ही मुलाच्या हाती पडू नये असे वडील मंडळींस वाटते, आणि ती त्याच्या हाती पडल्यावाचून राहत नाही. खानदेशातील सांगवी गावच्या सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो. वक्तृत्व मंडळाचे चिटणीसपद, वसतिगृहाच्या खानावळीचा कारभार, स्नेहसंमेलनातील नाटक अशा उलाढालींत तो उत्साहाने पडतो. परिणामी अभ्यास बुडतो, पैशांचा मेळ राहत नाही, आणि वडिलांचा विश्वास उडतो. मग तो सर्वांतून अंग काढून घेतो. अखेर पदवीवाचून गावी परततो. ह्या कथेवर आक्षेप असा, की तिने आळसास प्रतिष्ठा दिली आणि नापास होण्यास तत्त्वज्ञानाचा मुलामा चढविला.

आमच्या मते हा आक्षेप ग्रंथ अर्धाच वाचल्याचे फळ होय. सांगवीकराच्या बोलण्यातील थट्टा ऐकू येते. त्या थट्टेच्या तळाशी चाललेला हिशेब ऐकू येत नाही. हा तरुण आळशी नाही. पहिल्या दिवसांत तो नको इतका कामसू आहे. त्याची चूक एवढीच, की सर्वांस उपयोगी पडणे म्हणजेच मोठे होणे अशी त्याची समजूत आहे, आणि खर्चताना हाती असलेला पैसा आपल्या वडिलांचा आहे ही जाणीव त्याच्या हिशेबी नाही. ती जाणीव होते तेव्हा बापलेकांत बोलण्यासारखे काही उरलेले नसते. वसतिगृहाची चार पदे मिळविण्यासाठी धडपडणाऱ्या मुलास कोणता वडीलधारा हे इतक्या स्पष्टपणे सांगू शकला असता? पुढे धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेथे आतापर्यंत खिदळत आलेली भाषाच मोडून पडते. जिच्यापाशी थट्टा चालत नाही अशी एक गोष्ट जगात आहे, हे सांगवीकरास कोणत्याही व्याख्यानातून कळलेले नसते. ज्या कादंबरीत हे पान आहे तिला आळसाची पोथी म्हणणे आम्हांस मान्य नाही.

तथापि ‘कोसला’चे भक्तही आम्हांस तितकेच अमान्य आहेत. सांगवीकराचे वैफल्य हेच तारुण्याचे सार, असे मानून त्याची नक्कल करणारे विद्यार्थी प्रत्येक पिढीत निघतात. त्यांनी एक लहानशी गोष्ट ध्यानात घेतलेली नसते : सांगवीकरास परत जावयास घर आहे, आणि त्या घरामागे शेत आहे. पहिले वर्ष वाया घालविण्याचीही एक ऐपत असावी लागते. ग्रंथकर्त्याने हे लपविलेले नाही. परंतु त्यावर जितका प्रकाश पडावयास हवा होता तितका पडलेला नाही, असे आम्हांस वाटते.

हा प्रकाश अन्यत्र सापडतो, आणि तो शोधण्यासाठी शिवाजी पार्कपासून दूर जावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९१२ साली बी. ए. झाले. पुढल्याच वर्षी बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात (इंग्रजी आवृत्ती १९५४) असे सांगितले आहे, की तेथील आरंभीचे काही महिने मित्रमंडळीत आणि मौजेत गेले. नंतर आपण येथे कशासाठी आलो हा विचार मनात येऊन त्यांनी स्वतःस अभ्यासात गाडून घेतले. चरित्रनायकाची ही उणीव कीरांनी झाकली नाही, ह्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. तेच थोडे महिने सांगवीकराचेही होते. फरक असा, की येथे शिष्यवृत्तीला तीन वर्षांची मुदत होती, मागे शेत नव्हते, आणि आपले नापास होणे हे आपल्या एकट्याचे नापास होणे ठरणार नाही, हे ठाऊक होते.

तोच धागा नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) ह्या पुस्तकात पुढे आला आहे. वडाळ्यास राहून मुंबई बंदरात नोकरी करणाऱ्या बापाचा हा मुलगा रुइया महाविद्यालयात शिकला. काय व्हायचे ते हो, पण जे होशील त्यात अव्वल हो, अशा आशयाचा ह्या बापाचा उपदेश आहे. चोरालाही त्याने ह्या नियमातून वगळलेले नाही! पार्कातल्या फेरीवाल्या उपदेशकांहून हा उपदेश निराळा का वाटतो? कारण त्यामागे सांगणाऱ्याची सारी मिळकत लागलेली आहे. ज्या उपदेशाची किंमत सांगणाऱ्याने अगोदर मोजलेली असते तोच ऐकणाऱ्याला पेलतो.

एक उणीव मात्र वर आलेल्या चारही ग्रंथांत आहे. ही सारी मुलग्यांची पहिली वर्षे आहेत. रुपारेल किंवा कीर्ति महाविद्यालयाच्या फाटकातून पहिल्यांदा आत जाणाऱ्या मुलीस तेथे स्वतःचे असे थोडेच सापडेल. तिने काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र उघडावे. १८८३ साली, अठरा वर्षांच्या वयात, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्या ह्या विद्यार्थिनीस परकी भाषा, कडाक्याची थंडी आणि आहाराचे हाल सोसावे लागलेच. शिवाय हजारो मैलांवरून येणारी पतीची पत्रेही सोसावी लागली. उपदेश आणि संशय ह्यांची सीमारेषा किती बारीक असते, हे त्या पत्रव्यवहाराइतके आम्हांस अन्यत्र कोठेही दिसले नाही. १८८६ च्या मार्चात त्या डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. घरच्या माणसांचा दूरध्वनी दिवसातून चार वेळा ज्यांस येतो त्या आजच्या विद्यार्थिनींस हे चरित्र जुने वाटणार नाही.

तेव्हा नवागताने ह्या ग्रंथांपासून काय घ्यावे? आमचे उत्तर असे, की अनुकरण कोणाचेच करू नये. परंतु ह्या सर्वांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न स्वतःस विचारावा. मी येथे कोणाच्या जिवावर आलो आहे, आणि माझे वर्ष बुडाले तर कोणाचे काय बुडेल? कर्व्यांस तो आरंभापासून ठाऊक होता, आंबेडकरांस काही महिन्यांनी उमगला, सांगवीकरास फार उशिरा. ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाचे निराळे येणार, म्हणूनच ते दुसऱ्याने देता येत नाही.

दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या दर्शनास आलेला समुदाय शिवाजी पार्कच्या मैदानात उतरतो, आणि तेथे पुस्तकांची रांगच्या रांग दुकाने लागतात. दूरच्या जिल्ह्यांतून आलेली माणसे परतीच्या भाड्याचे पैसे बाजूस काढून उरलेल्यांत पुस्तके घेतात. त्यांतील कितीएक घरी शिकणाऱ्या मुलासाठी असतात. असे पुस्तक ज्याच्या हाती पडले त्याने ते उघडण्यापूर्वी त्यावरील किंमत वाचावी. उपदेशाचे पहिले वाक्य तेथेच छापलेले आहे.