‘नष्टनीड’ : दांपत्यातील अंतराचा अन्वय

रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) या दीर्घकथेचा विचार बहुधा चारुलता, तिचा पती भूपती आणि त्याचा आतेभाऊ अमल यांच्या प्रेमत्रिकोणाच्या अंगाने होतो. या अन्वयार्थात पतिपत्नींतील दुरावा हा तिसऱ्या व्यक्तीचा परिणाम ठरतो. कथेची रचना मात्र वेगळे काही सुचवते : दुरावा आधीचाच आहे, अमलमुळे तो केवळ दृश्यमान होतो.

भूपती इंग्रजी वृत्तपत्राचा संपादक आहे. अनोळखी वाचकवर्गाशी त्याचा रोजचा संवाद चालतो. घरातील बालवधू तरुण झाल्याची वार्ता मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. निवेदकाचा उपरोध येथे सौम्य आहे, कारण भूपती निष्ठुर नाही. पत्नीला सोबत हवी हे इतरांनी लक्षात आणून दिल्यावर तो तिच्या भावजयीला घरी आणवतो. ती सोबत आपण स्वतः द्यावी, हे त्याला सुचत नाही. दांपत्यातील एकाकीपणा दुष्टपणावाचूनही कसा निर्माण होतो, याचे मर्म या साध्या तपशिलात आहे.

चारू आणि अमल यांचे साहित्यप्रेम हा दोघांपुरता खाजगी व्यवहार असतो. म्हणूनच अमलचे लेखन छापले जाते तेव्हा चारू दुखावते. पुढे वृत्तपत्र बंद पडते आणि भूपती घराकडे वळतो. पत्नीसाठी बंगालीत लिहूही लागतो. पण तोवर अमल विवाह करून विलायतेस गेलेला असतो आणि चारूचे मन त्याच्या मागे गेलेले असते. आरंभी तिच्या वाट्याला असलेले एकाकीपण आता त्याच्या वाट्याला येते. दोघेही एकाकी आहेत, परंतु एकमेकांच्या एकाकीपणाचे साक्षी नाहीत.

सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ (१९६४) परस्परांकडे येणारे दोन हात भेटण्यापूर्वी गोठवून संपतो. मीलनाची शक्यता तेथे अनिर्णित राहते. ठाकुरांची कथा ती मिटवते. म्हैसूरला निघालेल्या भूपतीकडे चारू सोबत नेण्याची विनवणी करते. तो कचरतो; आणि तो होकार देतो तेव्हा ती नकार देते. विनंती आणि स्वीकार दोन्ही घडतात, पण एका क्षणी घडत नाहीत. येथील अंतर स्नेहाच्या अभावाचे नसून काळाच्या विसंगतीचे आहे.

या दृष्टीने शीर्षकही पुन्हा तपासावे लागते. ‘नष्ट’ म्हणजे मोडलेले; परंतु हे घरटे दोघांनी मिळून कधी बांधलेच नव्हते. कथेची खरी शोकात्मता ही आहे.